नदी एकतीस फुटांवर आली की आत्या येतात

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. बाहेर धो धो पाऊस, क्लिनिकच्या दारात रेनकोट झटकत एक बाई उभी. वय छत्तीस-सदतीस, एका पतसंस्थेत नोकरी, फुलेवाडी रिंग रोडला टू बीएचके फ्लॅट. बसली आणि पहिलंच वाक्य काय तर, "मॅडम, नदी एकतीस फुटांवर आलीय, म्हणजे आता आत्या येणार." आणि रडायलाच लागली. मग म्हणाली, सगळं कोल्हापूर पूर येऊ नये म्हणून देवाला हात जोडतंय, मी पण जोडते, पण माझं कारण वेगळंय, मला माझीच लाज वाटते.

आमच्याकडं सासूला बऱ्याच घरात आत्या म्हणतात, तसं ती म्हणते. (तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय.) आत्या पंचगंगेच्या काठच्या एका गावात थोरल्या मुलाकडं राहतात. सासरे वारलेत. २०१९ च्या ऑगस्टमधे, पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, जिथं इशारा पातळी ३९ ची आणि धोका पातळी ४३ ची असते, त्यावेळी ह्यांचं घर निम्मं पाण्यात होतं. तेव्हापासून नियमच झालाय, पाणी वाढायला लागलं की थोरले दीर जनावरांपाशी थांबतात आणि आत्यांना धाकट्याकडं आणून सोडतात, ते थेट गणपतीपर्यंत. म्हणजे वर्षाला दीड-दोन महिने.

आणि ह्या दोन महिन्यांत ही बाई अक्षरशः झिजून जायची. काय काय व्हायचं ते तिनं मोबाईलमधे लिहूनच आणलं होतं. फिल्टरचं पाणी चालत नाही, सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं की तांब्याचा हंडा घासून ताजा भरायचा, कालचं ओतून द्यायचं. भाकरी तव्यावरून थेट ताटात, दुसरी भाकरी पहिली संपेल तेव्हाच. फ्रीजमधलं सगळं शिळं. भांडीवाल्या मावशी घासून गेल्या की तीच भांडी पुन्हा मोरीत. कालवण कसंही करा, "मीठ हाय का न्हाई ह्यात?" पहाटे पावणेचारला उठून किचनमधे खडखड, पोरांची झोपमोड. घरातली यच्चयावत भांडी पाण्यानं भरलेली, ज्वारीचा डबा रोज माळ्यावर चढवलेला, जो हिनं रोज संध्याकाळी उतरवायचा. आणि दिवसातून पंधरा वेळा एकच प्रश्न, "पाणी किती फुटावर हाय रं?"

घरी येणाऱ्याच्या अशा कटकटीचं काय करायचं, हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतंच. येणारी व्यक्ती बदलते, कधी सासू, कधी सासरे, कधी नवऱ्याची मोठी बहीण, एकदा तर जावयाच्या खोडींनी कावलेल्या सासूबाईच आल्या होत्या. विचारायची तऱ्हा मात्र सारखीच असते, मी सहन करू का सांगून टाकू? मला वाटतं ह्या दोनातच अडकलं की पुढचं काही दिसत नाही. कारण ज्याला आपण चोखंदळपणा, कटकट म्हणतो ती एक गोष्ट नसते, त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टींची मोळी बांधलेली असते आणि आपण सगळी मोळी एकदम उचलायला जातो.

म्हणून मी तिला म्हटलं, आठ दिवस काहीच बदलू नका, फक्त दोन गोष्टी लिहा, काय मागितलं आणि ते कुणी उठून केलं. आठ दिवसांनी वही घेऊन आली. पहिला रकाना भरलेला, तऱ्हातऱ्हांचा. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, मी, मी, मी, मी. दोन ठिकाणी फक्त "मुलगी". मी म्हटलं, आणि मिस्टर? तर म्हणाली, "ह्यांची एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, रात्री साडेबाराला येतात, सकाळी नऊपर्यंत झोपलेले असतात. आणि तसंही आत्या त्यांना काही सांगतच नाहीत हो." हे शेवटचं वाक्य मी माझ्या कागदावर अधोरेखित करून ठेवलं.

पुढच्या वेळी आत्यांना घेऊन या म्हटलं. येतील का नाही शंका होती, पण आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. मी चहा मागवला तर कपाकडं बघितलं, बशीत ओतला, बशीची कड पदरानं पुसली, मग प्यायल्या. मी म्हटलं आत्या, पिशवी बाजूला ठेवा की, नीट बसा. "असू दे" म्हणाल्या. बराच वेळ गावाचं, पिकाचं, म्हशीचं बोललो. मग त्यांनीच पिशवी उघडली. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत अजून एक, तिला दोरा गुंडाळलेला. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक आणि नवऱ्याचा पासपोर्ट साइजचा फोटो. एकोणीस साली बोटीत बसताना एवढंच हातात आलं होतं म्हणाल्या. परत गेले तर ज्वारीची पोती फुगून फुटलेली, त्याचा असा वास की आठ दिवस जेवण गेलं नाही, आणि हंडा चिखलात, राखेनं चार वेळा घासला तरी हाताला तो चिखलाचा वास यायचा.

सून बाजूलाच बसली होती. तिला हंड्याचं हे पहिल्यांदाच कळत होतं.

आता इथं कुणालाही वाटेल की सापडलं, पुराच्या धसक्यामुळं सगळं होतंय, समजून घ्या, झालं. तसं नाहीये. मी थोरल्या जाऊबाईंना फोन केला (आत्यांना विचारूनच), त्या म्हणाल्या भाकरीचं तर मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, पुराच्या आधीपासून, तेव्हा नदीवर नका घालू सगळं. म्हणजे मोळी सोडून बघायलाच पाहिजे होती.

काही गोष्टी नुसत्या वयाच्या होत्या. वय वाढलं की जिभेला चव आणि नाकाला वास कमी कळायला लागतो, त्यामुळं आपल्याला बरोबर लागणारं कालवण त्यांना खरंच आळणी लागतं, ते सुनेच्या हाताला ठेवलेलं नावच असतं असं नाही. पण आत्यांना बीपीची गोळी चालू, म्हणून वरून मीठ घालणं हा काही उपाय नव्हे. मग लिंबाची फोड, तव्यावर भाजलेल्या मिरची-लसणाचा बेतानं मीठ घातलेला खर्डा, वरून कोथिंबीर, असं करून बघायला सांगितलं आणि ते बऱ्यापैकी जमलं. पहाटेचं उठणं पण तसंच. म्हातारपणी झोपेचं घड्याळच पुढं सरकतं, लवकर झोप येते आणि लवकर जाग. आत्या साडेआठला आडव्या व्हायच्या, पावणेचारला उठायच्या, मोजून बघा की, सात तास झोप झालीच. त्यात बिघडलंय काय? दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळी पाऊस उघडला की उजेडात गच्चीवर चालायला सुरुवात केली आणि रात्रीच थर्मासमधे चहा भरून ठेवायचं ठरवलं. तरी साडेचारपर्यंतच गेलं ते, पण खडखड थांबली, पोरं झोपायला लागली.

पाण्याची भांडी, माळ्यावरचा डबा, कागदांची पिशवी आणि "किती फुटावर हाय" ही मात्र भीती होती. इथं घरच्यांची चूक काय व्हायची तर दर वेळी कुणीतरी म्हणायचं "काय नाही हो आत्या, काय होत नाही." हे ऐकून दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा विचारावंसं वाटतं, धीराची पण सवय लागते माणसाला आणि दर वेळी जास्त धीर लागायला लागतो. म्हणून ठरवलं, पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला, आत्यांना शेजारी बसवून. नातवानं मोबाईलवर बघायची, मोठ्यानं वाचायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायची. मधे विचारलं तर एकच उत्तर, "आज्जी, सातला बघू." पहिले चार दिवस चिडल्या, "एवढं सांगायला काय जातंय तुझं" म्हणाल्या. पाचव्या दिवसापासून स्वतःच जाऊन चौकोनात बघायला लागल्या, आकडे वाचता येतात त्यांना. आणि ज्वारीचा डबा माळ्यावरच राहू दे म्हटलं, खाली रोजच्यापुरता छोटा डबा ठेवा. दुसऱ्या मजल्यावर पूर येत नाही हे त्यांना काय कळत नाही का, कळतं, पण अंगाला पटत नाही. त्यावर वाद घालून सुनेची रोजची पंधरा मिनिटं जात होती, तेवढी वाचली.

राहिली भाकरी, आणि खरी गाठ तिथंच होती. मुलाला बोलावलं. भला माणूस, बायकोवर जीव, आईवर पण, आणि दोघींच्या मधे आलो तर भाजून निघेन म्हणून झोपेचं निमित्त करून लांब राहणारा. मी त्याला स्पष्टच म्हटलं, तुमच्या आईचे दोन महिने तुमच्या बायकोच्या एकटीच्या अंगावर आहेत, हे बरोबर नाही. ठरलं असं की सकाळी सहाला उठून हंडा तो घासेल आणि भरेल, मग पाहिजे तर परत झोपेल. आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी आईच्या भाकऱ्या तव्यावरून ताटात तोच वाढेल. भाकरी थापायला त्याला येत नव्हती, पीठ बायकोनं मळून दिलं, थापली पण तिनंच, त्यानं फक्त तव्यापाशी उभं राहून भाजायची, फुगवायची, वाढायची आणि पुढच्या भाकरीसाठी थांबायचं.

तिसऱ्या आठवड्यातल्या सुट्टीला आत्या म्हणाल्या, "अरं किती वेळ हुबा ऱ्हातूस, जेव जा. मला गार भाकरी बी चालती, दुधात कुस्करली की झालं."

सुनेनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता. "चालतीय की मॅडम! बारा वर्षं चालत नव्हती!" मी तिला शांत व्हा म्हटलं नाही. राग खरा होता आणि कारणही खरं होतं. आत्यांनी हे ठरवून, डाव टाकून केलं असं मला आजही वाटत नाही, त्यांनी स्वतः सासूच्या ताटापाशी अशीच वर्षं काढलीत आणि आपली पाळी आली की आपल्यालाही कुणीतरी गरम वाढेल एवढंच त्या धरून होत्या. पण म्हणून ते सुनेनं पोटात घालत राहावं असंही होत नाही. जी सवय माणूस बघून बदलते ती वयाची नसते, भीतीची नसते, ती मानाची असते आणि मानाच्या सवयीवर बोलावंच लागतं.

कसं बोलायचं ह्याची आम्ही चक्क प्रॅक्टिस केली. नवऱ्याकरवी निरोप नाही, भांडी आपटून नाही, जेवणाच्या वेळी नाही. दुपारी आत्या निवांत असताना, शेजारी बसून, "आत्या, साडेसहा ते आठ माझे डबे असतात, त्यात मला एकच काम सांगा, बाकीचं आठनंतर ते बघतील. गरम भाकरी रात्रीची मी वाढेन, सकाळची डब्यातली घ्यायची." एवढंच. वर सॉरी नाही, स्पष्टीकरण नाही. आत्या दोन दिवस गप्प होत्या, ते दोन दिवस तिला फार जड गेले, रोज मेसेज करायची की चुकलं का माझं. तिसऱ्या दिवशी आत्यांनी स्वतःच डब्यातली भाकरी काढून घेतली. आणि मावशींनी घासलेली भांडी पुन्हा घासणं? ते तसंच सोडून दिलं. घासू देत की! हात चालू राहतात, कुणाचं काही जात नाही. सगळ्याच गोष्टी सोडवायला जाऊ नये असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घराला विचारते, ही कटकट जुनी आहे का नवी? आयुष्यभर असेल तर स्वभाव. पण चार-सहा महिन्यांत अचानक आली असेल, त्यात विसरणं, वस्तू लपवणं, "माझे पैसे कुणीतरी घेतले" असा संशय, हात धुण्यात तासच्या तास जाणं असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड, बी-१२, कानाचं ऐकणं तपासून घ्या, स्मृतिभ्रंश किंवा ओसीडीची (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) सुरुवातही अशी दिसू शकते. जवळपास कुणी नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि आई-बापाचा उद्धार, शिवीगाळ, अंगावर हात असं चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, ती सवय नव्हे, तिथं मदतच मागायची, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

ह्या जुलैत तिचा फोन आला. नदी चौतीसवर होती. "हे गेलेत आणायला," म्हणाली, "ह्यावेळी थोरल्या दिरांनी सोडायची वाट नाही बघितली. मी हंडा काढून ठेवलाय माळ्यावरनं." मी विचारलं, आणि तुम्ही कशा आहात? थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पोटात गोळा आलाय मॅडम, पण गेल्या वेळेसारखा मोठा नाही. आणि साडेसहा ते आठचं आत्यांना मी फोनवरच परत सांगून ठेवलंय."