बेंचवर बसलेला नवरा आणि ओळखी करायचं काम

शिकागोजवळ राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय, थोडक्यात सांगते. नवरा नऊ वर्षं एका इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत होता, चारेक महिन्यांपूर्वी एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये लागला, पहिला प्रोजेक्ट संपला आणि आता बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही. बरोबर जॉइन झालेली मुलं पुढच्या प्रोजेक्टवर गेलीसुद्धा, हा रोज सकाळी लॅपटॉप उघडून ट्रेनिंगचे व्हिडिओ बघत बसतो. ती म्हणाली जरा लोकांशी बोल, तर म्हणे "मला पुढेपुढे करायला जमत नाही, काम चांगलं केलंय, बोलावतील की." ती विचारतेय, ताई, हे असं खरंच चालतं का, आणि मी घरून काय करू?

अगं, नाही चालत. काम चांगलं लागतंच, ते नसेल तर बाकी सगळं फुकट. पण जुन्या नोकरीत त्याला एक बॉस होता, एक टीम होती, काम आपसूक टेबलावर यायचं. इथे पार्टनर, म्हणजे फर्मचा भागीदार, क्लायंटकडून काम मिळवून आणतो, मॅनेजर ते चालवतो, आणि कोणाला कुठे टाकायचं हे कागदोपत्री स्टाफिंगवाले ठरवतात, पण प्रत्यक्षात काय होतं तर मॅनेजर फोन करून सांगतो मला अमुक माणूस दे, मागच्या वेळी त्याच्यामुळे मला शांत झोप लागली होती. त्या फोनवर ज्याचं नाव निघत नाही तो यादीत मागे मागे जात राहतो. वर्षाअखेरीच्या रेटिंगलाही तेच, मीटिंगमध्ये कोणीतरी तोंड उघडून तुमच्याबद्दल चांगली दोन वाक्यं बोलावी लागतात, आणि ती बोलायला तुम्ही त्याला माहीत असायला हवेत. म्हणून ओळखी करणं हा त्या नोकरीचाच भाग आहे, फक्त टाइमशीटवर, म्हणजे कुठल्या कामाला किती तास दिले त्या तक्त्यावर, त्याला कोड नसतो.

आता त्याच्याकडे काय आहे ते बघ. नऊ वर्षं इन्शुरन्स! क्लेम कुठे अडकतो, वीस वर्षं जुन्या पॉलिसी सिस्टिममधून डेटा काढताना काय काय फुटतं, हे नुकतंच एमबीए करून आलेल्या मुलांना कुठून माहीत असणार? तर फर्ममध्ये इन्शुरन्सचं काम करणारे मॅनेजर कोण ते शोधायचं आणि एकेकाला छोटा मेसेज टाकायचा, मी अमुक ठिकाणी क्लेम्सच्या सिस्टिमवर काम केलंय, तुमच्या टीमचं काम समजून घ्यायचंय, वीस मिनिटं मिळतील का. पहिल्याच मेसेजमध्ये प्रोजेक्ट मागायचा नाही, हे त्याला नीट सांग, कारण समोरच्याकडे आत्ता जागा नसेल तर त्याला नाही म्हणावं लागतं आणि बोलणं तिथेच संपतं. भेटल्यावर विचारायचं की सध्या क्लायंट कशाने हैराण आहेत, आणि नवीन माणसाने काय केलं की तुमचं काम हलकं होतं, आणि मग ऐकायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत चार ओळींचा मेल, बोलण्यात "पाठवतो" म्हणाला असेल ते त्यालाच जोडून. एवढं साधं असतं पण बहुतेक लोक ते करत नाहीत, म्हणून जो करतो तो लक्षात राहतो.

बेंचवर असताना सगळ्यात उपयोगी काम म्हणजे प्रपोजल. पार्टनर आणि मॅनेजर क्लायंटच्या आरएफपीला, म्हणजे कामासाठी प्रस्ताव मागवणाऱ्या पत्राला, उत्तर लिहीत असतात, तारीख डोक्यावर असते आणि हात कमी असतात, तिथे स्वतःहून "मी दोन स्लाइड करू का, इन्शुरन्सचा भाग वाचून देऊ का" म्हणायचं. ते काम फर्मला मिळालं तर टीम लावताना ज्याने रात्री जागून मदत केली त्याचं नाव आधी आठवतं. आणि पुढच्या वेळी प्रोजेक्ट संपायच्या तीनचार आठवडे आधीच स्टाफिंगच्या माणसाशी बोलायचं, बेंचवर आल्यावर नाही. पार्टनरच्या असिस्टंटशीही नीट ओळख हवी, नाव घेऊन, आभार मानून, कारण पार्टनरचं कॅलेंडर त्या माणसाच्या हातात असतं, आणि तसंही माणसाशी माणसासारखं वागायला कारण कशाला लागतं.

हे सगळं करताना "स्वतःबद्दल काय सांगायचं" असं वाटतं आपल्याकडच्या मुलांना, मी बरीच वर्षं बघतेय. स्वतःची स्तुती करायचीच नाहीये. काय अडलं होतं, मी काय केलं, त्याने काय झालं, तीन वाक्यं, संपलं. टीमने केलं असेल तर टीमने केलं म्हणायचं, पण त्यात आपला वाटा कुठला होता तेही सांगायचं. आणि "सर" म्हणणं अमेरिकेत सोडून द्यायचं, पहिल्या नावाने हाक मारतात सगळे. (जर्मनीतल्या वाचकांनो, तुमच्याकडे समोरचा "डू" (तू) म्हणू या असं सुचवेपर्यंत "झी"च (तुम्ही) बरं, विशेषतः क्लायंटशी.)

जुन्या ऑफिसातली माणसं सोडायची नाहीत, हे मी दोनदा सांगेन. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये लिहिलंय, बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांचा त्याने अभ्यास केला होता, त्यात ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती आठवड्यातून किमान दोनदा भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना कधीतरी किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. तेव्हा जेवायला रोज आपल्याच देशी ग्रुपमध्ये बसतो ते बसू दे, त्याने जिवाला बरं वाटतं, पण आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या टेबलावर. आणि जुन्या सहकाऱ्यांना दोनतीन महिन्यांनी एक मेसेज, काही मागणी नसलेला.

क्लायंटकडे मात्र वेगळं भान लागतं. कन्सल्टंट आले की तिथल्या लोकांना वाटतं आता नोकऱ्या जाणार, आणि ती भीती दरवेळी खोटी नसते. म्हणून पहिले काही दिवस शहाणपण शिकवायचं नाही, वीस वर्षं तिथे असलेल्या बाईंना विचारायचं की हे असं का करतात, आणि त्यांनी सांगितलेलं प्रेझेंटेशनमध्ये आलं तर त्यांचं नाव घ्यायचं. आपल्या फर्मची किंवा मॅनेजरची तक्रार क्लायंटपुढे कधीच नाही.

आता तुझा भाग. मंडळाच्या गणपतीत, पॉटलकला लोक प्रेमाने विचारतात "सध्या कुठला क्लायंट?" तुलाही विचारतील. "एक इन्शुरन्सवालेच आहेत" इतकंच बोलायचं, नाव नाही, कामकाज नाही. फर्म ऑडिटही करणारी असेल तर ऑडिट क्लायंटचे शेअर्स बाळगण्यावरचे नियम बऱ्याचदा बायकोच्या खात्यालाही लागतात, तेव्हा तुझ्या नावावर काय आहे ते दोघांनी बसून त्याच्या फर्मच्या यादीशी ताडून बघा. दिवाळीला टीमसाठी फराळ जरूर पाठव, लोक आठवण ठेवतात, पण डब्यावर घटक लिही, चिवड्यात शेंगदाणे आणि लाडवात काजू असतात आणि इथे नट्सची ॲलर्जी किती जणांना असते तुला माहीतच आहे. क्लायंट सरकारी असेल तर भेट देण्याआधी मॅनेजरला विचारायचं, अमेरिकेच्या फेडरल कर्मचाऱ्यांना एरवी एका वेळी २० डॉलरपर्यंत आणि एकाच ठिकाणाहून वर्षात ५० डॉलरपर्यंतचीच भेट घेता येते.

टीम डिनरबद्दल तू लिहिलंयस की तो पीत नाही, मांसाहार नाही, म्हणून टाळतो. टाळू नये गं. बुकिंग करणाऱ्याला आदल्या दिवशी व्हेजिटेरियन म्हणून सांगायचं, हातात लिंबू-सोडा घ्यायचा, ग्लासात काय आहे कोणी बघत नाही. पूर्ण रात्र थांबायचीही गरज नाही, पहिला तासभर बसून, दोघातिघांशी मोकळं बोलून निघालं तरी चालतं. त्या संध्याकाळी मुलीला झोपवायचं तुझ्याकडे, आणि त्याबदल्यात बाकीच्या दिवशी सात ते साडेआठ त्याने घरचे म्हणून मॅनेजरला प्रोजेक्टच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकायचे. आधी सांगितलेली वेळ लोक सांभाळतात, ऐन डेडलाइनला सांगितली की चिडतात.

तो एच-१बी वर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या कामाच्या व्हिसावर, आहे असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, खरं तर ते आधी यायला हवं होतं. नोकरी गेली तर इथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ वरची (अमेरिकेत राहायच्या मुदतीच्या नोंदीवरची) तारीख, जे आधी येईल ते. त्या ६० दिवसांत नव्याने ओळखी करायला बसणं फार जड जातं, म्हणून आत्ता, पगार चालू असताना. आणि दुसऱ्या शहरातला मोठा प्रोजेक्ट आला तर उत्साहात हो म्हणायच्या आधी फर्मच्या इमिग्रेशन टीमला विचारायचं, कामाची जागा दुसऱ्या मेट्रो भागात हलणार असेल तर आधी अमेंडमेंट, म्हणजे व्हिसाच्या अर्जातला बदल, फाइल करावं लागतं. या आठवड्यात त्याने तीन मेसेज पाठवावेत, दोन इन्शुरन्सच्या मॅनेजरना आणि एक पहिल्या प्रोजेक्टच्या मॅनेजरला, "माझ्या कामात काय बरं वाटलं आणि काय सुधारू" एवढंच विचारणारा. काय उत्तरं आली ते मला नक्की कळव.