पाळी परत आली, पण वेळ किती?

प्रश्न : माझे वय २९ वर्षे आहे. काही वर्षांपूर्वी मला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला होता. केमोथेरपी संपून तीन वर्षे झाली असून बोन मॅरो प्रत्यारोपण करावे लागले नाही. उपचारांत थांबलेली पाळी आता नियमित येते. आम्हाला मूल हवे आहे; पण त्या औषधांमुळे बाळात व्यंग येईल किंवा गरोदरपणात आजार उलटेल, अशी धास्ती वाटते.

उत्तर : आपल्या दोन्ही शंका मी आधी दूर करते. गरोदर राहिल्यामुळे ल्युकेमिया उलटतो, असे आढळलेले नाही. उपचारानंतर साधारण दोन वर्षे थांबायला सांगतात, ते आजार उलटण्याचा धोका त्या काळात अधिक असतो म्हणून, आणि तो काळ आपण ओलांडला आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्या पालकांच्या मुलांमध्येही जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसत नाही.

मला काळजी वाटते ती वेळेची. पाळी नियमित आली म्हणजे बीजांडांचा साठा भरपूर आहे, असा अर्थ होत नाही. तो साठा जन्मतःच ठरलेला असतो, आणि केमोथेरपीतल्या सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी त्यातला काही भाग खर्च झाला असेल, तर पाळी व्यवस्थित चालू असूनही रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येऊ शकते. प्रत्यारोपणापूर्वी संपूर्ण शरीराला किरणोत्सर्ग दिला जातो तेव्हा अंडाशयांची हानी फार मोठी होते. आपण त्यातून वाचलात, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. तरीही बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी आणि अंडाशयांची सोनोग्राफी आताच करून घ्या. एएमएच कमी आले तर खचून जाऊ नका. तो आकडा साठ्याचा अंदाज देतो, दिवस राहणार नाहीत असा निकाल देत नाही.

आणखी एक गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही कधीकधी राहून जाते. आपल्या उपचारांच्या फाइलमध्ये डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही नावे आणि त्यांपुढे मिलिग्रॅममध्ये लिहिलेली एकूण मात्रा शोधा. ही औषधे हृदयाचे स्नायू दुबळे करू शकतात आणि गरोदरपणात हृदयावरचा भार बराच वाढतो; म्हणून दिवस राहण्यापूर्वी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा आणि तो अहवाल रक्तविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवावा. फोलिक ॲसिड आत्तापासूनच सुरू करा. एरवी आपल्या वयात वर्षभर वाट पाहायला सांगतात. आपण मात्र सहा महिन्यांत दिवस न राहिल्यास वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा, आणि त्या वेळी पतीचीही वीर्यतपासणी करून घ्या.