निःशस्त्रीकरण, शस्त्रनियंत्रण की तह? आणि करार ‘मोडला’ की ‘संपला’?

नागपूरच्या एका अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांची विचारणा आहे. लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या अमेरिका-रशियाच्या ‘न्यू स्टार्ट’ कराराला मराठी बातम्यांत कुठे ‘निःशस्त्रीकरण करार’ म्हटलेलं असतं, कुठे ‘शस्त्रसंधी’, कुठे ‘अण्वस्त्र तह’. फेब्रुवारी २०२६ मध्ये तो ‘मोडला’ असंही छापतात आणि ‘संपला’ असंही. मुख्य परीक्षेच्या उत्तरात काय लिहायचं?

शस्त्रसंधी आधी खोडा. चालू लढाई थांबवतात ती शस्त्रसंधी. तहही युद्धाच्या शेवटी होतो, आणि हरलेल्याला काहीतरी सोडावं लागतं. नागपूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. अडगावची लढाई हरल्यावर आणि गाविलगड पडल्यावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी डिसेंबर १८०३ मध्ये देवगावला कंपनीशी केला, तो तह. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. अण्वस्त्रांच्या बोलणीत कुणी कुणाला हरवलेलं नसतं, म्हणून तिथे ‘करार’ हाच शब्द हवा.

निःशस्त्रीकरणाची गोष्ट वेगळी. हा शब्द चुकीचा नाही, फक्त फार मोठा आहे. एखाद्या प्रकारचं शस्त्र कुणाकडेच उरू नये, हा त्याचा अर्थ. जैविक शस्त्रांवरचा १९७२ चा करार खरोखर तसा आहे. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या कलम ६ मध्येही ते उद्दिष्ट म्हणून आहे. पण अमेरिका आणि रशिया यांच्यात जे झालं ते शस्त्रनियंत्रण: शस्त्रं राहणार, पण किती, कोणती, आणि समोरच्याला ती मोजू द्यायची की नाही, हे ठरवायचं.

उत्तरात त्याहून नेमका शब्द वापरता आला तर उत्तमच. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या १९७२ च्या ‘साल्ट’ कराराने मर्यादा घातली. त्यात क्षेपणास्त्रं सोडणारी साधनं मोजली, टोकावरची वॉरहेड, म्हणजे प्रत्यक्ष स्फोट करणारे भाग, मोजलीच नाहीत. मग दोघांनीही एकेका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड बसवली आणि मर्यादा पाळूनसुद्धा साठा वाढत गेला. १९९१ च्या ‘स्टार्ट’ने कपात केली: प्रत्येकी ६,००० वॉरहेड, १,६०० वाहक साधनं, म्हणजे वॉरहेड वाहून नेणारी क्षेपणास्त्रं आणि बॉम्बर विमानं. १९८७ च्या ‘आयएनएफ’ने निर्मूलन केलं, म्हणजे ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सोडायची क्षेपणास्त्रं शून्यावर आणली. एकूण २,६९२ नष्ट झाली. इथे ‘२,६९२ अण्वस्त्रं नष्ट’ लिहिलं की घसरलात. नष्ट झाली ती क्षेपणास्त्रं. त्यांच्यातला अण्वस्त्राचा भाग काढून ठेवायची कराराने मुभा दिली होती.

सर्वांत जास्त गफलत होते ती ‘तैनात’ हा शब्द गाळल्यामुळे. ‘न्यू स्टार्ट’ची मर्यादा १,५५० तैनात, म्हणजे वापरासाठी सज्ज ठेवलेल्या, वॉरहेडची होती, सोबत ७०० तैनात वाहक साधनं. कोठारात पडून असलेली वॉरहेड या आकड्यात धरलेलीच नाहीत. बॉम्बर विमानावर प्रत्यक्षात कितीही अस्त्रं चढवता येत असली, तरी एक विमान म्हणजे एकच वॉरहेड असं मोजायचं. कमी पल्ल्याची, रणभूमीवर वापरायची अण्वस्त्रं हिशेबाबाहेर. म्हणून ‘प्रत्येकी १,५५० अण्वस्त्रं ठेवायची परवानगी’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने निर्दोष आणि माहितीच्या दृष्टीने खोटं आहे.

पडताळणी आणि तपासणी हेही एक नव्हेत. तपासणी म्हणजे माणसं तळावर जाऊन पाहतात ती. ‘न्यू स्टार्ट’मध्ये वर्षाला १८ पर्यंत. वॉरहेडवर आच्छादन असतं, आतली रचना दिसत नाही, नग मात्र मोजता येतात. पडताळणीत तपासणीशिवाय उपग्रह, सहा महिन्यांनी आकड्यांची देवाणघेवाण आणि हालचालींच्या सूचनाही येतात. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तपासणी थांबली, पण आकडे आणि सूचना चालू राहिल्या. ‘पडताळणी थांबली’ हे त्या वेळेपुरतं चूक.

आता मोडला की संपला. क्रियापद निवडताना आधी तारखा बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने ‘न्यू स्टार्ट’मधला सहभाग स्थगित केला, आकड्यांची मर्यादा पाळू, असंही तेव्हाच सांगितलं. ५ फेब्रुवारी २०२६ ला त्याची मुदत संपली. मुदतवाढ एकदाच, पाच वर्षांपर्यंत, अशी तरतूद होती आणि ती २०२१ मध्येच वापरून झाली होती. ‘आयएनएफ’मधून अमेरिकेने सहा महिन्यांची सूचना देऊन २ ऑगस्ट २०१९ ला माघार घेतली. ‘मोडला’ हा आरोप आहे; तो कोण करतंय ते वाक्यात आलं पाहिजे. आणि १९७९ चा ‘साल्ट-२’? त्यावर सही झाली, पण अमेरिकी सिनेटची मंजुरी कधीच मिळाली नाही, तरी काही वर्षं दोघांनी तो बहुतांशी पाळला. सही, मंजुरी, अंमल या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. सीटीबीटीवर, म्हणजे अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर, अमेरिकेची १९९६ ची सही आहे, पण १९९९ मध्ये सिनेटने तो फेटाळला. मराठीत मात्र सही झाली रे झाली की ‘करार झाला’ म्हणून मोकळे होतो.

‘पुढे काय’ या प्रश्नालाही हेच शब्द उपयोगी पडतात. मर्यादेचा नवा करार अवघड दिसतो. चीनकडे सुमारे ६०० वॉरहेड असल्याचा अंदाज आहे. त्याला अमेरिका-रशियाएवढी मर्यादा दिली तर ती वाढीची परवानगी ठरते, आणि कमी दिली तर तो सही कशाला करेल? शिवाय कोठारातली वॉरहेड मोजायची तर कोठारांची दारं उघडावी लागतील, आणि ते आजवरच्या कोणत्याही करारात झालेलं नाही. पूर्वसूचनेचे करार त्या मानाने चिवट निघाले. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपणाआधी किमान २४ तास कळवायचं, हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला १९८८ चा करार २०२३ च्या स्थगितीनंतरही पाळू, असं रशियाने म्हटलं होतं.

भारत-पाकिस्तानचं तर सगळं याच खान्यात पडतं. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा. १९९२ पासून दर १ जानेवारीला प्रकल्पांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात, कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या गेल्या. क्षेपणास्त्र चाचणीची किमान तीन दिवस आधी सूचना, हा २००५ चा. यांत एकाही वॉरहेडवर मर्यादा नाही, म्हणून ‘शस्त्रनियंत्रण’ न लिहिता ‘विश्वासवर्धक उपाय’ लिहा.

शुद्धलेखनाचं एवढंच: अणु + अस्त्र = अण्वस्त्र. ‘अणवस्त्र’ नको. ‘स्ट्रॅटेजिक’साठी ‘सामरिक’ चालतं, पण या करारांत त्याचा अर्थ मुख्यतः पल्ल्यावरून ठरतो. ‘लांब पल्ल्याची’ लिहिलंत तर तपासणाऱ्यालाही लगेच कळेल.