परदेशात कायमचं राहायला जाताना लेओव्हर दीड तासाचा घ्यावा की सहा तासांचा?

ताई, सहा तासांचा घ्या.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर पुढे गेलेत, तुम्ही दोन मुलांना घेऊन मागाहून कॅनडाला निघताय, सहा तासांच्या थांब्याचं तिकीट अकरा हजारांनी महाग पडतंय आणि एवढा वेळ विमानतळावर मुलांना घेऊन करायचं काय, हा प्रश्न आहे. जुलै 2018 मध्ये मी अगदी ह्याच जागी होते. फरक अकरा हजारांचा नव्हता, नऊ हजारांचा होता. आमच्या घरात तो वाद गेल्या आठवड्यात पुन्हा निघाला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तिकिटं ह्यांनी कॅल्गरीत बसून काढली. मुंबई ते ॲमस्टरडॅम, तिथून थेट कॅल्गरी, मध्ये एक तास पंचवीस मिनिटं. पुढचं विमान चुकलं तर, असं मी विचारलं तर म्हणाले, "कंपनी विकतेय म्हणजे तेवढा वेळ पुरतो. मी नाही का आलो त्याच थांब्याने?" आले, खरं आहे. मार्चमध्ये, एकटे, पाठीवर एक सॅक घेऊन. माझ्याबरोबर सात वर्षांची मुलगी होती, अडीच वर्षांचा मुलगा होता, सामानात टाकलेल्या सहा बॅगा होत्या आणि गळ्यात कागदपत्रांची पिशवी होती. प्रत्येक विमानतळावर जोडविमानासाठी एक किमान वेळ ठरलेला असतो आणि तो पाळला की कंपनी तिकीट विकू शकते. तो वेळ खोटा नसतो. फक्त विमान वेळेवर उतरेल आणि माणूस भरभर चालेल, हे त्यात धरलेलं असतं. कडेवर झोपलेलं मूल त्यात धरलेलं नसतं.

त्या रात्री मुंबईत पाऊस कोसळत होता. विमान पंचेचाळीस मिनिटं उशिरा सुटलं. मुंबईचा पाऊस आणि पंचेचाळीस मिनिटं, ह्यात कुणाचाच दोष नाही, हे मी आजही म्हणते.

ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर चाकं टेकली तेव्हा हातात चाळीस मिनिटं होती. पण तिथली पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की त्यावर उतरलेलं विमान नुसतं जमिनीवरून पंधरा मिनिटं चालत राहतं. मध्ये हायवेवरून पूल आहे, विमान त्या पुलावरून जातं आणि खाली गाड्या पळताना दिसतात. मुलगी खिडकीला नाक लावून म्हणाली, "आई, आपण रस्त्यानेच कॅनडाला चाललोय का?" मी घड्याळ बघत होते, तिला उत्तरसुद्धा दिलं नाही. आम्ही मागच्या रांगेत, पुढचे सगळे उतरेपर्यंत दहा मिनिटं गेली. दाराशी आले तर बाबागाडी नाही. मुंबईत तिला टॅग लावला तो थेट कॅल्गरीचा, म्हणजे ती बॅगांबरोबर गेली. (हे तुम्ही नक्की बघा. बाबागाडी दाराशी देताना टॅगवर कुठलं नाव आहे ते वाचा आणि ती मधल्या विमानतळावर हवी असेल तर तिथल्या तिथे सांगा.)

मग मुलाला कडेवर घेऊन, मुलीला हाताला धरून पळणं. सरकत्या पट्ट्यांच्या टोकाला तिथे एक बाई सारखी सांगत असते, माइंड युवर स्टेप, माइंड युवर स्टेप. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढच्या विमानाआधी पुन्हा सिक्युरिटी होती. मुंबईत सिक्युरिटीनंतर घेतलेली पाण्याची अर्धी बाटली मुलीच्या दप्तरात राहिली होती, त्यामुळे दप्तर बाजूला गेलं, उघडलं, पुन्हा तपासलं. आणि तिथे उभी असताना माझं नाव पुकारलं गेलं. आडनाव नीट उच्चारलं नव्हतं, तरी कळलं. तुमच्यामुळे विमानाला उशीर होतोय, ताबडतोब या, नाहीतर तुमचं सामान उतरवण्यात येईल. मी हात वर केला, कुणाला दाखवायला कोण जाणे. मुलगी रडायला लागली, कारण तिला वाटलं आपल्या बॅगा फेकून देणार आहेत.

गेटवर पोचलो तेव्हा विमान काचेपलीकडे उभं होतं आणि दार बंद झालं होतं.

आता जे नुकसान टळलं ते कशामुळे, ते सांगते. दिरांचा सल्ला होता की मुंबई ते युरोप एक तिकीट आणि युरोप ते कॅनडा दुसरं, अशी दोन वेगळी काढा, बावीस हजार वाचतात. तेवढं एक मी ऐकलं नव्हतं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर होता, म्हणून पुढे पोचवणं कंपनीवर बंधनकारक होतं आणि नवीन तिकिटाचा एक पैसा पडला नाही. वेगळी तिकिटं असती तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी फक्त न आलेली प्रवासी ठरले असते. शिवाय बॅगा ॲमस्टरडॅमला पट्ट्यावरून उचलून पुन्हा टाकाव्या लागल्या असत्या, आणि पट्ट्यापर्यंत जायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) लागतो, जो माझ्याकडे नव्हता. तेव्हा दीर असोत नाहीतर एजंट, दोन तिकिटांचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

ट्रान्सफर डेस्कवरच्या बाईंनी दोन पर्याय दिले. उद्याचं थेट विमान, नाहीतर आज चार तासांनी टोरंटोमार्गे. उद्याचं घेतलं तर रात्र काढायची कुठे? शहरातल्या हॉटेलात जायला पुन्हा तोच व्हिसा, आणि आतल्या हॉटेलात खोली शिल्लक नव्हती. मी टोरंटो घेतलं. ह्यांना फोन लावत राहिले, पण कॅल्गरी आठ तास मागे, तिथे मध्यरात्र उलटून गेलेली.

ते चार तास मात्र आम्हाला लाभले, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. स्खिपोलला लहान मुलांसाठी बेबीकेअर लाउंज आहे, मंद उजेड, पडदे लावलेले पाळणे, अंघोळ घालायची सोय. मुलगा तिथे दोन तास गाढ झोपला. मुलगी जवळच बसून चित्रं काढत होती. मी तोंड धुतलं, साडेतीन मिनिटं डोळे मिटून बसले आणि पहिल्यांदा शांतपणे कागद तपासले. बस, एवढंच करायचं असतं. मुलांना झोपवा, हात-पाय धुवा, घरचं काहीतरी खायला द्या. शहर बघायचा विचारही करू नका.

टोरंटोमार्गे गेल्यामुळे एक गोष्ट बदलली, जी ह्यांच्या कधी लक्षातच येत नाही. पीआरचं लँडिंग, म्हणजे कायमचं राहायला आल्याची अधिकाऱ्यासमोरची नोंद, कॅनडातल्या ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच होतं. कॅल्गरीला हे बाहेर उभे असणार होते, दहा पावलांवर. टोरंटोला मी एकटी. सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचा कागद), पासपोर्ट, घराचा पत्ता (पीआर कार्ड तिथेच पोस्टाने येतं), बरोबर आणलेल्या सामानाची यादी, मागून येणाऱ्या सामानाची वेगळी यादी, दागिन्यांचे फोटो आणि किंमत. मागून येणाऱ्याची यादी तेव्हाच दिली नाही तर पुढे त्यावर कर लागू शकतो. 10,000 कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोख असेल तर तीही सांगावी लागते. हे सगळं माझ्या गळ्यातल्या पिशवीत होतं म्हणून निभावलं. मग बॅगा उचलून पुन्हा कॅल्गरीसाठी टाकायच्या. सहापैकी पाचच आल्या. सहावीत मुलाचे सगळे कपडे होते आणि ती दोन दिवसांनी घरी आली. म्हणून सांगते, प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचे दोन-दोन जोड घाला, एका माणसाची एक बॅग असं करू नका.

कॅल्गरीला रात्री पोचलो. ह्यांनी मुलाला घेतलं आणि म्हणाले, "पोचलात ना नीट? तिकीटही फुकट बदलून मिळालं." गेली सात वर्षं कुणीही पाहुणे आले की ह्यांचं हेच पालुपद असतं. "चूक उशिराची होती, लेओव्हरची नव्हती." माझं म्हणणं एवढंच आहे की उशीर होणार हे धरूनच थांबा निवडायचा असतो. उशीर झाला नाही तर पोरं झोपतात, त्यात नुकसान काय? नऊ हजार वाचले ते मी जमेस धरते. पण नव्या देशाच्या दारात मी अधिकाऱ्यासमोर उभी असताना हे बाहेर दहा पावलांवर असू शकले असते, ते नव्हते, ते कुठे मांडायचं?

आता काही अपवाद. तुम्ही विद्यार्थी असाल, एकटे असाल, तर दीड तास चालून जाईल. सहा तासांच्या वर मात्र मुलं घेऊन जाऊ नका, दहा-बारा तासांचे थांबे स्वस्त दिसतात पण अंगावर येतात. मला ॲमस्टरडॅमला आत बसून राहायला व्हिसा लागला नाही, पण हे देशागणिक बदलतं. अमेरिकेतून जाणार असाल तर बाहेर पाऊल न टाकताही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि बॅगाही पहिल्याच विमानतळावर उचलाव्या लागतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा. युरोपचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम आहे, त्यात शेवटच्या मुक्कामी मोठा उशीर झाला तर 600 युरोपर्यंत भरपाई मिळते, पण हवामानामुळे झालेल्या उशिराला नाही. आम्हाला जेवणाची कुपनं मिळाली.

वाद पुन्हा का निघाला, तर येत्या डिसेंबरात सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे येतायत. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, व्हीलचेअर सांगितली आहे, आणि व्हीलचेअरच्या माणसाला विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. ह्यांनी निवडलेला थांबा एक तास चाळीस मिनिटांचा होता. काल रात्री मी तो बदलून पाच तास दहा मिनिटांचा घेतला आणि तिकीट काढून टाकलं.