खासगी फोटो व्हायरल केले, म्हणून थेट सुप्रीम कोर्टात जावं का?

राजारामपुरीच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. ज्याच्याशी ठरलं होतं त्यानं तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं, तिनं विश्वासानं पाठवलेले काही खासगी फोटो तिथं टाकले आणि दोघांच्या चॅटचे स्क्रीनशॉट पै-पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवले. वर धमकी अशी, की कॉल रेकॉर्डिंगही आहेत आणि ती चालतात असं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. इकडं कुणीतरी सल्ला दिलाय की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, तेव्हा थेट दिल्लीत याचिका टाका. त्यासाठी मोठी फीही सांगितलीय.

मी कोल्हापुरातच वकिली करते, असली प्रकरणं माझ्याकडं नेहमी येतात. तर दादा, आधी एवढंच ऐका: दिल्लीला जाऊ नका आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. सुप्रीम कोर्टानं तुमच्या बहिणीसाठी बरंच काही करून ठेवलंय, पण ते वापरायचं इथं, कोल्हापुरात.

कारण सांगते. ज्या निकालाचा दाखला तुम्हाला दिला गेला तो 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकाल. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी 2012 मध्ये आधारच्या विरोधात कोर्टात गेले होते. सुनावणीत सरकारनं भूमिका घेतली की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, आणि आधाराला 1954 आणि 1962 चे दोन जुने निकाल काढले. मग 9 न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं आणि सगळ्यांनी एकमतानं सांगितलं की हा हक्क जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा पाहिजे, त्यामागं रास्त हेतू पाहिजे आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात पाहिजे.

यातला 'सरकार' हा शब्द सल्ला देणारे गिळून टाकतात. सुप्रीम कोर्टाकडं थेट धाव घ्यायचा अनुच्छेद 32 मुख्यतः सरकारनं हक्क मोडला तर कामाला येतो. आधारच्या 2018 च्या निकालात खासगी कंपन्यांना आधार मागायची वाट देणारा भाग रद्द झाला, तो सरकारनं केलेल्या कायद्यातला होता. जुलै 2024 मध्ये कोर्टानं सांगितलं की जामीन देताना आरोपीला गुगल मॅपवर आपलं ठिकाण पोलिसांना सतत दाखवायची अट घालता येणार नाही. तिथंही समोर तपास यंत्रणा होती. आपल्या जिल्ह्यातलंच बघायचं तर हातकणंगले पोलिस ठाण्यात व्हॉट्सॲप स्टेटसवरून एका प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला होता. हायकोर्टानं तो रद्द करायला नकार दिला, मग मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला. तो मुद्दा अभिव्यक्तीचा होता, प्रायव्हसीचा नव्हे. पण समोर कोण होतं ते बघा, आणि तिथंसुद्धा माणूस हायकोर्टातूनच वर गेला.

तुमच्या प्रकरणात समोर एक खासगी माणूस आहे. जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर प्रकरणात बहुमतानं असं म्हटलं गेलं की काही मूलभूत हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. हे वाक्य तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. पण हाताशी फौजदारी आणि दिवाणी दोन्ही उपाय असताना फक्त त्या वाक्याच्या जोरावर थेट याचिका टाकली, तर 'आधी खालच्या कोर्टात जा' हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. फी गेली ती गेली, आणि त्या महिन्या-दोन महिन्यांत फोटो कुठवर पोचतील याचा हिशेब नको करायला.

मग सुप्रीम कोर्टाचा तुम्हाला उपयोग काय? पुट्टस्वामीपेक्षा जास्त उपयोगाचे तीन निकाल आहेत. ते कुणी मिरवत नाही, पण माझं रोजचं काम त्यांच्यावर चालतं.

पहिला ललिता कुमारीचा, 2013 चा. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती दिली तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे. 'आपसात मिटवा, पोरीचंच नाव खराब होईल' हे ठाण्यात ऐकायला मिळालं तर वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी नोंदवला नाही तर तोच अर्ज पोलिस अधीक्षकांकडं, आणि तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ही वाट लिहिलेलीच आहे. त्याच कलमात असंही आहे की अशा गुन्ह्यात बहिणीची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर होतो. एक गोष्ट मात्र पोलिस खरी सांगतात: आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. म्हणून 'साहेब येऊ देत' म्हणाले तर प्रत्येक वेळी ती टाळाटाळ नसते.

दुसरा प्रज्वला प्रकरणातला. हैदराबादच्या या संस्थेनं 2015 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की बलात्काराचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरताहेत आणि कुणी थांबवत नाही. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. आज आपण जे राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल वापरतो ते 2018 मध्ये सुरू झालं, त्याची सुरुवात त्या पत्रातली. तिथं महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. नाव न देताही तक्रार करता येते, पण पुढं गुन्हा दाखल व्हायला नाव लागतंच, तेव्हा तुम्ही नाव देऊनच करा. 1930 हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. इथं पोर्टल आणि ठाणं दोन्ही धरा.

तिसरा निकाल वकिलांपैकीसुद्धा बऱ्याच जणांच्या लक्षात नसतो. 2016 च्या यूथ बार असोसिएशन प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एफआयआरची प्रत 24 तासांत वेबसाइटवर टाकायची. आरोपीच्या हक्कासाठी चांगलंच झालं. पण म्हणजे तुमच्या बहिणीचं नाव, पत्ता आणि फोटोंचं वर्णन उद्या महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर कुणालाही उतरवून घेता येईल! त्याच निकालात सूट आहे: लैंगिक गुन्हे आणि तसलीच संवेदनशील प्रकरणं टाकायची नाहीत, आणि तो निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा. हे आपोआप होईल असं धरून चालू नका. बलात्कारपीडितेचं नाव छापू नये हे भारतीय न्याय संहितेचं कलम 72, पण ते बलात्कार आणि तसल्या गुन्ह्यांच्या कलम 64 ते 71 पुरतंच आहे. तुमचं प्रकरण बहुधा कलम 77 मध्ये, म्हणजे बाईचे खासगी क्षणांचे फोटो काढणं किंवा पसरवणं यात, बसेल, म्हणजे ते संरक्षण आपसूक लागत नाही. म्हणून तक्रारीच्या अर्जातच शेवटी एक ओळ घाला: 'सदर प्रथम खबर संवेदनशील समजून संकेतस्थळावर प्रसिद्ध करू नये.' अर्ज देताना बोट ठेवून दाखवा.

कलम 77 बद्दल जरा थांबते, कारण 'तिनंच पाठवले होते ना फोटो?' हा प्रश्न घरापासून ठाण्यापर्यंत सगळे विचारणार. या कलमाला स्पष्टीकरण जोडलंय: फोटो काढायला संमती होती, पण इतरांना दाखवायला नव्हती, तर दाखवणं हा गुन्हा. संमती एका माणसापुरती होती, गावाला नव्हती. आयटी कायद्याचं 66-ई (खासगी अवयवांचे फोटो पसरवणं) किंवा 67-ए (उघड लैंगिक मजकूर टाकणं) लागतं का हे फोटो कसे आहेत त्यावर ठरेल, पण बहिणीच्या नावानं खातं काढल्याबद्दल 66-सी (ओळख चोरणं) आणि 66-डी (सोंग घेऊन फसवणं) मांडायलाच हवीत. तिचा पासवर्ड वापरून तिच्या खात्यात शिरला असेल तर तेही लिहा, ते वेगळं कलम होतं.

आता पुराव्याकडं. बहुतेक लोक इथंच घाई करतात. आधी रिपोर्ट मारतात, खातं उडतं आणि हातात उरतो एक कातरलेला स्क्रीनशॉट, ज्यावर ना तारीख ना लिंक. समोरचा वकील उभा राहून म्हणतो, हे तर कुणीही बनवेल. म्हणून रिपोर्ट करण्याआधी अर्धा तास द्या. खात्याची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. प्रोफाइल उघडण्यापासून एकेक पोस्टवर जाईपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा, फोनवरची तारीख-वेळ दिसू द्या. ग्रुपवरचे मेसेज ज्याच्या फोनवर आलेत त्याच्याकडून चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. तो फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं पक्कं केलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम 63 मध्ये आहे, दोन भागांचं, एक भाग तज्ज्ञानं भरायचा. वकिलाला पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा. ते ऐकून वकील दचकला तर दुसरा बघा.

पुरावा जपला, की मग कंपनी. इथंही एक सुप्रीम कोर्टाचा निकाल आडवा येतो, पण त्याला वाट आहे. 2015 मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात आयटी कायद्याचं 66-ए कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षेचं, रद्द झालं. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली, तिथून निघालेलं ते प्रकरण. त्याच निकालात असं ठरलं की कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच कंपनीवर मजकूर काढायचं बंधन येतं. कुणीही तक्रार केली म्हणून नाही. नाहीतर कुठलाही पुढारी स्वतःवरची टीका रोज काढायला लावेल, तेव्हा निकाल योग्यच आहे असं माझं मत. पण 2021 च्या आयटी नियमांत खासगी अवयव किंवा नग्नता दाखवणारे फोटो, मॉर्फ केलेले फोटो आणि दुसऱ्याच्या नावाचं सोंग यांच्यासाठी वेगळी वाट ठेवली: बाधित व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणी तक्रार केली तरी पुरे, आणि काढायची मुदत 24 तास होती. पुढं नियमांत दुरुस्त्या झाल्यात, त्यामुळं अर्जात मुदत लिहिण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम बघून घ्या.

म्हणजे खोटं खातं आणि ते फोटो, या दोन्हींसाठी कोर्टाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. ॲपमधल्या बटणावर भागवू नका, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला नियमाचा उल्लेख करून मेल करा. तेच फोटो उद्या दुसऱ्या खात्यावरून येऊ नयेत म्हणून 'स्टॉपएनसीआयआय' या साइटवर बहिणीनं स्वतः त्यांची डिजिटल खूण तयार करावी. फोटो तिच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त खूण जाते.

चॅटच्या स्क्रीनशॉटचं मात्र वेगळं आहे. त्यात नग्नता नाही, सोंग नाही, त्यामुळं कंपनी म्हणेल आदेश आणा. तो आदेश दिल्लीतून आणायचा नाही; कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात दिवाणी दावा लावून तात्पुरत्या मनाईचा अर्ज टाकायचा. पुट्टस्वामीचा दाखला खरा तिथं द्यायचा. ग्रुपसाठी तर त्याआधीच ॲडमिनला फोन करा, त्याला सगळ्यांसाठी मेसेज काढता येतो. नुसता ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजला तो जबाबदार नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय, तेव्हा त्याला धमकावू नका. काका-मामांपैकीच कुणीतरी असणार, गोडीनं सांगा.

राहिली कॉल रेकॉर्डिंगची धमकी. तो ज्या निकालाबद्दल बोलतोय तो 14 जुलै 2025 चा, विभोर गर्ग प्रकरणातला. बायकोच्या नकळत नवऱ्यानं केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, एवढंच त्यात आहे. ते नवरा-बायकोचं, आणि कोर्टासमोर ठेवण्यापुरतं. पै-पाहुण्यांत वाजवायची परवानगी त्यात कुठंही नाही. धमकीचा मेसेज उलट जपून ठेवा, तो तुमच्याच कामाचा आहे. बदल्यात त्यानं पैसे किंवा दुसरं काही मागितलं असेल तर खंडणीचं कलम येतं.

नव्या डेटा संरक्षण कायद्याबद्दलही विचारलंय. 2023 चा तो कायदा कंपन्यांसाठी आहे, बहुतेक तरतुदी लागू व्हायला अजून वेळ आहे, आणि 250 कोटींपर्यंतचा दंड सरकारच्या तिजोरीत जातो, पीडितेला त्यातून भरपाई नाही. तुमच्या कामाचा नाही.

पोलिस अगदीच हलले नाहीत, किंवा आदेश असून कंपनी दाद देत नसेल, तर अनुच्छेद 226 खाली हायकोर्ट. पूर्वी यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टात, सीपीआर दवाखान्यासमोर बसतं. चाळीस वर्षं आम्ही त्यासाठी भांडलो, आता वापरा. याचिका टाकताना नाव झाकण्याचा अर्ज सोबतच द्या. एकदा निकाल नावासकट ऑनलाइन गेला की तो मागं घेणं अवघड. निकाल साइटवरून उतरवायला सांगणाऱ्या मद्रास हायकोर्टाच्या आदेशाला सुप्रीम कोर्टानं जुलै 2024 मध्ये स्थगिती दिली होती.

आणि दादा, तुमच्या प्रश्नात त्या खोट्या खात्याचं नाव लिहिलंय, ते आत्ताच काढा. वाचणाऱ्यातले निम्मे लोक तिकडं बघायला जातील. लिंक ठाण्यात आणि वकिलाकडं द्या, इथं नको.