६० मिलिमीटरच का? रेल्वे यांत्रिकीत संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीच्या वडिलांना उत्तर

प्रश्न : मी दौंड येथे रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागात तंत्रज्ञ आहे. माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकते. स्वीडनमध्ये ‘चार्मेक’ नावाच्या केंद्रात विद्यापीठ आणि उद्योग मिळून रेल्वेच्या चाकांवर व रुळांवर संशोधन करतात, असे तिने वाचले आणि तिकडेच जायचे म्हणते. कर्ज काढून तिला पाठवावे, की आधी रेल्वेच्या परीक्षा देऊ द्याव्यात?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राचे उत्तर आपल्याच कामापासून सुरू करतो. मालडब्याच्या चाकावरचा फ्लॅट, म्हणजे घासून सपाट झालेला भाग, ६० मिलिमीटरपेक्षा मोठा झाला की डबा सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या मार्गावर, काढायचा, हा नियम आपल्याला पाठ असेल. मात्र ५९ मिलिमीटरचा फ्लॅट चालतो आणि ६१चा चालत नाही, असे का? रूळ तुटण्याचा धोका केवळ फ्लॅटच्या लांबीवर ठरत नाही. गाडीचा वेग, डब्यातील भार, स्लीपरखालच्या खडीचा ताठरपणा आणि थंडीने रुळात आलेला ताण या सर्वांचा त्यात वाटा असतो. हा प्रश्न रेल्वेला रोज भेडसावतो, पण त्याची उकल करण्यासाठी लागणारे गणित, संगणकीय प्रारूपे आणि चार-पाच वर्षांची सलग सवड विद्यापीठाकडे असते. दोघांनी एकत्र येण्याचे कारण एवढेच आहे.

चार्मेक हे गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठातील केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. सरकार, विद्यापीठ आणि उद्योग यांनी खर्च वाटून घ्यायचा, अशी सुरुवातीची रचना होती. स्वीडनचे रूळ सांभाळणारी सरकारी यंत्रणा, चाके, रूळ, ब्रेक आणि काँक्रीटचे स्लीपर बनविणाऱ्या कंपन्या असे भागीदार तेथे एकाच टेबलाशी बसतात, हे मला त्या केंद्राचे सर्वात मोठे वैशिष्ट्य वाटते. कारण चाक बनविणारा दोष रुळाला देतो आणि रूळवाला चाकाला, हा वाद आपल्याकडेही नवा नाही. चाक आणि रूळ एकमेकांना जेथे टेकतात ती जागा जेमतेम एक चौरस सेंटिमीटरची असते. ब्रेक आवळून चाक घसरले की तेथील पोलाद तापते, झटकन निवते आणि ठिसूळ होते. मग त्याला तडे जातात. अशा एकेका घटनेवर तेथे पीएचडीचे प्रबंध झाले आहेत.

आता पैशांविषयी. २०११ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी शुल्क भरावे लागते. पीएचडीसाठी मात्र शुल्क नाही, उलट पीएचडी करणारा विद्यार्थी सहसा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. विशिष्ट प्रकल्पासाठी जागेची जाहिरात निघते आणि मुलाखतीतून निवड होते. म्हणून कर्ज काढून एम.एस.ला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने गेट परीक्षा देऊन येथेच एम.टेक. करावे, त्यात दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळते, आणि नंतर थेट पीएचडीच्या जागेसाठी अर्ज करावा. आयआयटी खरगपूरमध्ये रेल्वे संशोधनाचे स्वतंत्र केंद्र आहे. आयआयटी कानपूर आणि लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून धावत्या गाडीच्या चाकाचा तडाखा मोजणारी ‘वाइल्ड’ यंत्रणा आपल्याकडे उभी राहिली आहे. ती फ्लॅटची लांबी नव्हे, तर रुळावर प्रत्यक्ष बसणारे बल मोजते. वर विचारलेल्या ६० मिलिमीटरच्या प्रश्नाला ती अधिक थेट भिडते.

रेल्वेच्या परीक्षांबाबत गैरसमज नसावा. ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीत संशोधनाच्या पदवीला वेगळे वजन नाही, आणि त्या नोकरीतून पुढे पूर्णवेळ संशोधनाकडे वळणे अवघड जाते. दोन्ही वाटा एकदम चालण्याचा आग्रह धरल्यास गेटची तयारीही अर्धवट राहील. संशोधनाची वाटही सोपी नाही : विषय अतिशय अरुंद असतो, फळ उशिरा मिळते आणि भागीदार कंपनीची काही माहिती प्रबंधात छापता येत नाही. ज्यांना दर सहा महिन्यांनी नवे काम हवे असते, त्यांना हे मानवत नाही.

तिला कंपनशास्त्र, पदार्थांची थकवा-भंगुरता आणि फायनाइट एलिमेंट पद्धत (वस्तूचे लहान तुकडे कल्पून संगणकावर ताण काढण्याची रीत) हे विषय आवडतात का, एवढे आधी पाहावे. नुसते रेल्वेचे आकर्षण पुरणार नाही. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चाकांच्या झिजेचा विषय घेता येईल. त्यासाठी महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांचे पत्र आपल्या विभागीय यांत्रिक अधिकाऱ्यांकडे रीतसर द्यावे. आपल्या ओळखीवर तिला परवानगीविना यार्डात नेऊ नये. परवानगी मिळाल्यावर व्हील लेथवर (चाक कातून पुन्हा गोल करणाऱ्या यंत्रावर) आलेल्या चाकांची मापे, त्यांच्या दोषांचे प्रकार आणि ती किती किलोमीटर धावली याची नोंद तिने दोन महिने स्वतःच्या हाताने ठेवावी. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे हीच वही असेल.