स्टुडिओचे पैसे नाहीत. घरीच रेकॉर्ड केलेल्या पहिल्या अल्बमला लोक अल्बम म्हणतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटारवर बांधलेली स्वतःची दहा-बारा मराठी गाणी तयार आहेत, भाड्याच्या वन बीएचकेत राहता, स्टुडिओचा तासाचा दर झेपत नाही. घरीच रेकॉर्ड करून अल्बम काढला तर लोक त्याला अल्बम म्हणतील की डेमो? माइक कोणता घ्यावा? आणि असं करून कुणाचं काही झालंय का?

झालंय. बॉन इव्हेरच्या जंगलातल्या केबिनची गोष्ट तुम्हाला आधीच कुणीतरी ऐकवली असेल, तिच्याकडे नंतर येतो. तुमच्या परिस्थितीला जास्त लागू पडणारा अल्बम वेगळा आहे: आयर्न अँड वाइनचा 'द क्रीक ड्रँक द क्रेडल', 2002 सालचा. नाव बँडचं वाटतं, पण त्या अल्बमपुरता बँड म्हणजे एकच माणूस, सॅम बीम. मूळचा साउथ कॅरोलायनाचा. शिकला आधी चित्रकला, मग सिनेमा, आणि नोकरी करत होता मायामीत सिनेमॅटोग्राफी शिकवण्याची. (नावसुद्धा सिनेमाच्याच कृपेने मिळालं. एका शूटिंगच्या वेळी जॉर्जियातल्या दुकानात 'बीफ, आयर्न अँड वाइन' असं एक टॉनिक दिसलं, त्यातलं बीफ त्याने गाळलं.) गाणी हा नोकरी-संसार सांभाळून चाललेला उद्योग. गिटार, बँजो, स्लाइड गिटार, मुख्य आवाज, त्याला जोडून येणारा दुसरा आवाज, सगळं त्याचंच. रेकॉर्डिंगही त्याचंच, घरी, फोर-ट्रॅकवर.

लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडणाऱ्यांना फोर-ट्रॅक म्हणजे काय ते सांगावं लागतं. टॅस्कॅमने 1979 मध्ये साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक (म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र रेकॉर्ड होणारे आवाजाचे पदर) घेणारं पोर्टास्टुडिओ बाजारात आणलं आणि पुढची वीसेक वर्षं घरगुती रेकॉर्डिंग म्हणजे असं चार ट्रॅकचं यंत्र, असंच समीकरण होतं. पाचवी गोष्ट हवी असेल तर आधीचे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, याला बाउन्स करणं म्हणतात, आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. पण एकदा उतरवलं की संपलं. उद्या वाटलं की गिटार जरा मागे हवी होती, तर ती मागे नेता येत नाही. शिवाय कॅसेटवर दर बाउन्सला मागची सरसर वाढते ती वेगळीच.

त्यामुळे त्या यंत्रावर काम करणाऱ्याला गाण्याला काय लागतं हे आधी ठरवावं लागायचं. बीमच्या अल्बममध्ये हे स्वच्छ ऐकू येतं. हेडफोन लावून 'अपवर्ड ओव्हर द माउंटन' ऐका. मुलगा आईशी बोलतोय असं गाणं आहे, जवळपास सहा मिनिटांचं. ड्रम नाहीत, सहा मिनिटांत कुठे मोठा चढ नाही, मधेच वाद्यांचा ताफा येत नाही. गिटारची एक चाल फिरत राहते आणि कान शब्दांवरून हलत नाही. याच गाण्याला नंतर कुणी तबला, बासरी, सिंथ आणि कोरस चढवला असता (आपल्याकडे हमखास चढवला असता) तर गाणं बिघडलंच असतं असं नाही, पण त्या मुलाचं बोलणं मागे पडलं असतं.

आता आवाज. बीम जवळजवळ कुजबुजतो. घरात लहान मुलं झोपलेली असायची म्हणून तो हळू गायचा, असं नेहमी सांगितलं जातं. कारण काहीही असो, परिणाम कसा साधतो ते समजून घ्या, कारण तुम्हालाही घर लहानच आहे. दिशा धरून ऐकणारा माइक तोंडाच्या अगदी जवळ आणला की खर्जाकडचा भाग आपोआप भरून येतो. त्यामुळे हळू गायलेला आवाजही पातळ लागत नाही, कानाशी बोलल्यासारखा लागतो. मोठ्याने गायलात तर हाच आवाज घुमतो, वर खोलीच्या भिंतीही त्यात बोलायला लागतात. म्हणजे लहान खोलीत हळू गाणं ही तडजोड नाही, त्या खोलीत तेच बरं वाजतं. आपल्याला हे नवीन वाटू नये. जुन्या संगीत नाटकातल्या नटाला माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवावं लागायचं. भावगीत वाढलं ते रेकॉर्ड आणि रेडिओवर, आणि तिथे ओळ हळुवार टाकायची मुभा होती. तुमची गाणी कोणत्या जातीची आहेत ते बघा. छाती फोडून गायची असतील तर वन बीएचकेच्या नादी लागू नका, थोडे पैसे साठवा आणि मोठी खोली भाड्याने घ्या.

अल्बम की डेमो, या प्रश्नाचं उत्तर मला बीमच्या गोष्टीच्या पुढच्या भागात सापडतं. बीमचं एक गाणं 'येती' नावाच्या मासिकाबरोबरच्या सीडीवर आलं. ते सिएटलच्या 'सब पॉप' कंपनीच्या जोनाथन पोनमन यांनी ऐकलं आणि आणखी मागवलं. ही तीच कंपनी, जिने 1989 मध्ये निर्वाणा या दणदणीत रॉक बँडचा पहिला अल्बम काढला होता, म्हणजे कुजबुजणाऱ्या माणसासाठी पत्ता तसा अजबच. बीमने दोन सीडी भरून गाणी पाठवली. पोनमन यांना आधी दोन्ही काढाव्यात असं वाटलं होतं, पण शेवटी निवड करून अकरा गाण्यांचा एक अल्बम निघाला. उरलेल्यांपैकी काही 2003 मध्ये पाच गाण्यांच्या 'द सी अँड द ऱ्हिदम'मध्ये आली, आणि त्या काळातल्या घरगुती रेकॉर्डिंगचा एक अख्खा संग्रह 2015 मध्ये निघाला, सोळा गाण्यांचा. तो ऐकलात तर कळेल की मागे ठेवलेली गाणी टाकाऊ नव्हती. फक्त ती पहिल्या अकरांत शोभली नसती.

माझ्या मते डेमो आणि अल्बम यांच्यातला फरक इथेच आहे. डेमोत आपण जे जे केलं ते सगळं असतं. अल्बमात कुणीतरी बसून काही गाणी बाजूला काढलेली असतात. तुमच्याकडे दहा-बारा आहेत ना? मग त्यातल्या आठांचा अल्बम होईल. कोणती आठ, हे तुम्ही ठरवू नका, आईवडिलांना किंवा मित्रांनाही विचारू नका, ती मंडळी सगळंच छान म्हणतात. तुम्हाला फारसा ओळखत नसलेला, गाणी ऐकायची सवय असलेला एखादा माणूस गाठा.

आता केबिन. बॉन इव्हेर म्हणजे मुळात जस्टिन व्हर्नन. तो 2006-07 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये राहिला, आजारपण आणि मोडलेला बँड मागे टाकून, आणि तिथे 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' तयार झाला. 2007 मध्ये त्याने तो स्वतःच काढला, 2008 मध्ये जॅगजॅग्वार कंपनीने. बर्फ, एकटेपणा, प्रेमभंग, सगळा मालमसाला असल्यामुळे ही गोष्ट भाव खाऊन जाते. पण तो अल्बम बीमच्या अगदी उलट बांधणीचा आहे. व्हर्नन संगणकावर काम करत होता आणि एकाच गळ्याचे थरावर थर चढवत होता. शब्दही नंतर आले. आधी नुसत्या अक्षरांत सूर गाऊन ठेवायचा, मग त्यात ऐकू येणारे शब्द शोधायचा. आणि शेवटी काही ठिकाणी इतर वादकही आले, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन त्याने वाजवलेले नाहीत. त्यामुळे केबिनच्या नादाने लोणावळ्याला बंगला बुक करू नका. त्याचं साधन त्याच्या गाण्याला जुळलं होतं, एवढंच तिथून घ्यावं.

आणखी एक. हल्ली कॅसेटची सरसर विकत मिळते, प्लगइनमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. मला हा प्रकार हास्यास्पद वाटतो. बीमने पुढचाच अल्बम, 2004 चा, शिकागोत ब्रायन डेक या निर्मात्याबरोबर स्टुडिओत केला. सरसर गेली, गाणी तशीच राहिली.

आता तुमच्या वन बीएचकेकडे. कंडेन्सर माइक घेऊ नका. दुकानदार आणि यूट्यूबवाले तोच गळ्यात मारतील, पण तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांपासून खालच्या भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांची हजेरी लावतो. शुअर एसएम57 किंवा एसएम58 सारखा डायनॅमिक घ्या, तो जवळचं ऐकतो आणि लांबच्याकडे बरंचसं दुर्लक्ष करतो. व्हर्ननकडेही एक एसएम57च होता. माइक लॅपटॉपला जोडायला दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस पुरतो. मात्र आवाज हळू आणि माइक डायनॅमिक अशी जोडी असेल तर गेन (माइकचा आवाज वाढवून घेण्याचं प्रमाण) भरपूर लागतो, तेव्हा इंटरफेस घेताना दुकानातच गेन पूर्ण वाढवून हेडफोनवर ऐका. नुसती सरसर जास्त येत असेल तर दुसरा दाखवायला सांगा.

खोली निवडताना कपड्यांचं कपाट, गादी, पडदे जिथे आहेत ती निवडा. मी कपाटाची दोन्ही दारं उघडून मध्ये उभा राहतो आणि पाठीमागे दोरीवर आजीची जाड गोधडी टाकतो. पंखा बंद. मे महिन्यात हे जिवावर येतं, म्हणून पहाटे करायचं, तेव्हा रस्ताही गप्प असतो. (गणपतीच्या आधीचा महिना ढोलपथकांच्या सरावाचा असतो, तेवढा वगळा.) गिटारला माइक लावताना तो भोकासमोर धरू नका, नुसती घूं घूं येते. गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) समोर, वीतभर अंतरावर धरा. दुसरा आवाज जोडताना कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरा, नाहीतर पहिला आवाज हेडफोनातून गळून पुन्हा माइकमध्ये शिरतो.

आणि लॅपटॉपवरही स्वतःला चारच ट्रॅक द्या, निदान पहिल्या दोन-तीन गाण्यांना. पाचवा उघडावासा वाटला तर आधीच्या चारांपैकी एक बंद करून ऐका.

मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यांवरून शेवटचा हात फिरवणं, मात्र स्वतः करू नका. महिनोन्‌महिने तेच ऐकून तुमचे कान तोवर निबर झालेले असतील. स्टुडिओत रेकॉर्डिंगला लागणाऱ्या पैशांच्या मानाने हा खर्च थोडका असतो. फाइल 24-बिट वॅव्ह द्या, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवा, आणि मास्टर चॅनेलवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारं साधन, लावलेला असेल तर तो काढून मगच एक्स्पोर्ट करा.